‘करंट येत नाही’ : मोटारसायकलची ठिणगी आणि सीडीआयची डबी

पावसाळ्यातली सकाळ असते. शाळेची वेळ होत आलेली असते. दहा-बारा किका मारून पाय भरून येतो, पण जुनी मोटारसायकल काही दाद देत नाही. गाडी ढकलत नाक्यावरच्या गॅरेजात नेली की मेकॅनिक प्लग काढतो, इंजिनाला टेकवून एक किक मारतो आणि सांगतो, “करंट येत नाही. सीडीआय गेला असणार.” मग काळी, चपटी, काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक डबी बदलली जाते. पुष्कळदा गाडी सुरू होते. पण पुष्कळदा होतही नाही. मग एच.टी. कॉइल बदलते, मग मॅग्नेट कॉइल, आणि शेवटी कळते की सीटखालच्या एका वायरीचा जोड गंजला होता. तोवर हजार-दोन हजार रुपये आणि दोन दिवस गेलेले असतात.

भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरने घेतली आणि ठिणगीचा कारभारही त्याच संगणकीय नियंत्रकाकडे गेला. परंतु त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्या खेड्यापाड्यांत आजही धावत आहेत. दूध डेअरीला पोचवणे, रुग्णाला तालुक्याच्या गावी नेणे, शिक्षकाने वाडीवरच्या शाळेत पोचणे ही कामे त्यांच्यावर चालतात. अशा घरात गाडी दोन दिवस बंद राहणे ही लहान गोष्ट नसते. म्हणून ही काळी डबी नेमके काय करते, ती खरोखरच बिघडली आहे हे कसे ठरवायचे आणि बदलायची तर कशी, हे समजून घेऊ. वाटेत दहावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातली निदान चार प्रकरणे आपल्याला भेटतील.

ठिणगी कशासाठी आणि केव्हा?

पेट्रोल इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वर सरकत ते दाबतो. दाबलेल्या मिश्रणात प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात.

आता प्रश्न असा की ठिणगी नेमकी केव्हा पडावी? दट्ट्या अगदी वरच्या टोकाला पोचला की, असे उत्तर बहुतेक विद्यार्थी देतात. ते बरोबर नाही. मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपाशी सुरू होते आणि पसरत जाते. दाब कमाल होईपर्यंत साधारण दोन मिलिसेकंद लागतात असे धरू. दोन मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही लागतो त्याहून किती तरी कमी वेळ. पण इंजिनाच्या दृष्टीने तो थोडा नाही.

गणित करून पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागले. फेऱ्याचे ३६० अंश, म्हणजे एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो आणि दोन मिलिसेकंदांत ३६ अंश. दट्ट्याला उत्तम रेटा मिळायचा तर कमाल दाब वरचे टोक ओलांडल्यावर साधारण १२ अंशांवर यायला हवा. म्हणजेच ठिणगी वरच्या टोकाच्या २४ अंश आधी पडायला हवी.

हेच इंजिन १५०० फेऱ्यांवर संथ चालले, तर दोन मिलिसेकंदांत क्रँक १८ अंशच फिरतो. तेव्हा ठिणगी ६ अंश आधी पडली तरी पुरे. याचा अर्थ वेग वाढला की ठिणगी अधिकाधिक आधी पडली पाहिजे. यालाच गॅरेजात ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. हे हिशेब ढोबळ आहेत. वेग वाढला की सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि ज्योत जलद पसरते, म्हणून अ‍ॅडव्हान्स वेगाच्या प्रमाणात वाढतच जात नाही, एका मर्यादेनंतर जवळपास स्थिर राहतो.

ठिणगी फार आधी पडली तर काय होईल? दट्ट्या वर येत असतानाच त्याला खाली ढकलणारा दाब तयार होईल. किक मारताना असे झाले तर किक उलटी फिरते आणि घोट्याला जबर मार बसतो. चालत्या गाडीत इंजिन ठोका देऊ लागते आणि तापते. उशिरा पडली तर दट्ट्या खाली निघून गेल्यावर दाब येतो. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि सायलेन्सर तापतो. तेव्हा ठिणगी पडणे एवढे पुरत नाही. ती वेळेवर पडावी लागते. सीडीआयकडे ही दोन्ही कामे असतात.

पॉइंटपासून सीडीआयपर्यंत

मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. कुंडलातून जाणारे चुंबकीय क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितके त्यात अधिक विभवांतर निर्माण होते. इंजिनाच्या ठिणगीचा सारा इतिहास या एका नियमावर उभा आहे. १९०२ मध्ये जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च विभवाचा मॅग्नेटो तयार केला. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची मोटारींसाठीची पद्धत रूढ केली.

पॉइंट म्हणजे उघडझाप करणारे छोटे धातूचे स्पर्शबिंदू. ते मिटलेले असताना कॉइलच्या प्राथमिक कुंडलातून प्रवाह वाहतो. योग्य क्षणी ते उघडतात, प्रवाह अचानक तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम कुंडलात हजारो व्होल्ट निर्माण होतात. जोरात वाहणाऱ्या नळाची तोटी एकदम बंद केली की पाइपात जसा दणका बसतो, तसाच हा प्रकार आहे. राजदूत, येझदी, जुनी बुलेट या गाड्या याच पद्धतीवर चालत.

पॉइंटची अडचण उघड आहे. सेकंदाला ५० फेरे आणि दर फेऱ्याला एकदा उघडझाप, म्हणजे तासाला १,८०,००० वेळा. प्रत्येक वेळी तिथे बारीक ठिणगी उडते, धातू जळतो, फट बदलते. ही फट अनेक गाड्यांत ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवावी लागे. ती बदलली की ठिणगीची वेळही सरकते. म्हणून जुन्या मेकॅनिकांच्या खिशात पॉइंट घासायचा पॉलिश पेपर कायम असे.

१९५७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर बाजारात आणला. हा अर्धवाहकाचा एक दरवाजाच आहे. एरवी बंद, पण त्याच्या तिसऱ्या अग्राला किंचित इशारा दिला की क्षणात उघडणारा. त्यात हलणारा भाग नाही, त्यामुळे झिजणेही नाही. त्याच्या आधारे पॉइंटला रजा देता आली. १९६९ च्या कावासाकी एच-१ या तीन सिलिंडरच्या मोटारसायकलीवर ही नवी पद्धत होती. आपल्याकडे यामाहा आरएक्स १००, हिरो होंडा स्प्लेंडर अशा गाड्यांबरोबर ती घरोघर पोचली.

डबीच्या आत

सीडीआय हे ‘कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन’ याचे लघुरूप आहे. मराठीत म्हणायचे तर धारित्र रिकामे करून केलेले प्रज्वलन. पॉइंटच्या पद्धतीत ऊर्जा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात साठवली जाते. इथे ती धारित्राच्या विद्युत क्षेत्रात साठते. तिथे वाहते पाणी अडवायचे होते. इथे हंडा भरायचा आणि एका झटक्यात उपडा करायचा.

क्रमाने पाहू. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड क्रँकवर बसवलेले चुंबकांचे चाक असते, त्याला मेकॅनिक ‘मॅग्नेट’ म्हणतात. ते फिरले की आतल्या एका बारीक तारेच्या कॉइलमध्ये शंभरापासून दोन-तीनशे व्होल्टपर्यंत प्रत्यावर्ती विभव तयार होते. ही चार्जिंग कॉइल. डबीतला डायोड हा प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो आणि एक मायक्रोफॅरडच्या आसपासचे धारित्र प्रभारित होते. चाकाच्या बाहेरच्या कडेला एक उंचवटा असतो. तो दुसऱ्या एका छोट्या कॉइलसमोरून गेला की तिच्यात लहानसा स्पंद उमटतो. ही पल्सर किंवा पिकअप कॉइल. ‘दट्ट्या आता अमुक जागी आहे’ हा निरोप ती देते. निरोप मिळताच थायरिस्टर उघडतो आणि धारित्रातला सारा प्रभार एच.टी. कॉइलच्या प्राथमिक कुंडलातून धडकन वाहतो. एच.टी. कॉइल हे रोहित्रच आहे. दुय्यम कुंडलात समजा ८० पट फेरे असतील, तर २५० व्होल्टचे २०,००० व्होल्ट होतील.

ऊर्जा किती? धारित्रातील ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले विभवांतराचा वर्ग, याच्या निम्मी. एक मायक्रोफॅरड आणि २५० व्होल्ट धरले तर उत्तर येते ०.०३१ ज्यूल. १०० ग्रॅमचे वजन तीन सेंटिमीटर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा. मग एवढ्याशा ऊर्जेचा एवढा प्रताप कसा? कारण ती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या वेळात बाहेर पडते. ०.०३१ ज्यूलला ०.०००१ सेकंदाने भागा. ३१० वॉट येतील. क्षणभरासाठी का होईना, दोन-तीन मोठ्या पंख्यांइतकी शक्ती.

चार फटक्यांच्या इंजिनाला खरे तर दोन फेऱ्यांत एकच ठिणगी लागते. पण मॅग्नेट क्रँकवर असल्याने ठिणगी दर फेऱ्याला पडते. एक कामाची आणि दुसरी जळके वायू बाहेर जात असताना वाया जाणारी. वाया जाते, पण नुकसान करत नाही. वेगळी यंत्रणा बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

वर सांगितलेला प्रकार ए.सी. सीडीआयचा. त्याला बॅटरी लागत नाही, बॅटरी पार उतरली तरी किकवर गाडी सुरू होते. दुसरा प्रकार डी.सी. सीडीआयचा. त्यात चार्जिंग कॉइल नसते. डबीतले छोटे परिपथ बॅटरीच्या १२ व्होल्टचेच दोन-अडीचशे व्होल्ट करतात. अशा गाडीची बॅटरी मेली की ठिणगीही गेली. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे माहीत नसेल तर पुढचे सारे चुकते.

सीडीआय शेवटी का तपासावा?

ही डबी रेझिन ओतून बंद केलेली असते. ती उघडता येत नाही, दुरुस्त होत नाही आणि मल्टिमीटरने तिची खात्रीलायक परीक्षाही करता येत नाही. मग ती बिघडली हे ठरवायचे कसे? इथे विज्ञानातली एक जुनी रीत कामी येते. ज्या पेटीच्या आत डोकावता येत नाही तिच्यात काय जाते आणि तिच्यातून काय येते ते तपासायचे. आत जाणारे सगळे ठीक असेल, बाहेरची वाट मोकळी असेल आणि तरीही काही बाहेर येत नसेल, तर दोष पेटीत आहे. म्हणून सीडीआयचा नंबर शेवटी लागतो. केवळ तो महाग म्हणून नव्हे, तर इतरांना निर्दोष ठरवल्याशिवाय त्याच्यावरचा आरोप सिद्धच होत नाही म्हणून.

क्रम असा ठेवावा.

१. आधी पेट्रोल. कॉक उघडा आहे का, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केल्यावर पेट्रोल येते का, ते पहा. पुष्कळ किका मारूनही प्लग कोरडाच असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर ठिणगीवर संशय घ्या.

२. मग प्लग. नवा किंवा खात्रीचा चांगला प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून तो दूर ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. कडक, निळसर ठिणगी हवी. पिवळी, अशक्त ठिणगी पुरत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या हवेत एक मि.मी. फटीतून ठिणगी उडायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात, पण दाबलेल्या मिश्रणात त्याच फटीला त्याच्या कित्येक पट लागतात. म्हणून बाहेर दिसणारी अशक्त ठिणगी आत पडतेच असे नाही.

३. प्लग कॅप आणि वायर. कॅप एच.टी. वायरीवर आट्यांनी बसलेली असते. ती फिरवून काढा. अनेक कॅपमध्ये पाच हजार ओहमच्या आसपासचा रोध असतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर कॅप तुटली आहे. वायरीचे टोक हिरवे पडले असेल तर काही मि.मी. कापून कॅप पुन्हा बसवा. काही शे रुपयांच्या सीडीआयचा दोष म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा या कॅपचे दुखणे असते.

४. चावीचे स्विच. इथे एक गंमत आहे. घरातला दिवा बंद करताना आपण परिपथ तोडतो. ए.सी. सीडीआयच्या गाडीत चावी बंद केली की एक वायर जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडली जाते. त्यामुळे धारित्र प्रभारितच होत नाही. अर्थात या वायरीचे आवरण घासून ती सांगाड्याला चिकटली, किंवा स्विचात पाणी शिरले, तर चावी चालू असूनही गाडी बंदच राहते. पावसाळ्यात हे नेहमीचे आहे. ती एक वायर सीडीआयच्या जोडापाशी सोडवून किक मारा. ठिणगी आली तर दोष स्विचात आहे, डबीत नाही. वायर सुटलेली असताना चावीने इंजिन बंद होणार नाही, तेव्हा ब्रेक दाबून, गिअर टाकून, क्लच हळू सोडून ते बंद करावे. डी.सी. प्रकारात याउलट चावीतून बॅटरीचे १२ व्होल्ट डबीपर्यंत पोचतात की नाही ते मोजावे.

५. जोड आणि अर्थिंग. डबीचा जोड काढून आतल्या पात्या पहा. सैल, काळवंडलेली किंवा मागे सरकलेली पाती पुरेशी कारणीभूत असते. अर्थची वायर आणि इंजिन यांच्यातला रोध जवळजवळ शून्य हवा.

६. कॉइल. चार्जिंग कॉइलचा रोध साधारण शंभर ते काही शे ओहम असतो, पल्सरचा पन्नासपासून काही शे ओहमपर्यंत. एच.टी. कॉइलच्या प्राथमिक कुंडलाचा एका ओहमच्या आत-बाहेर आणि दुय्यम कुंडलाचा काही हजार ओहम. नेमके आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात आणि तेच प्रमाण मानावेत. गाडी थंड असताना चालते आणि तापली की बंद पडते, अशी तक्रार असेल तर हे रोध गरम इंजिनावरच मोजावेत. तापल्यावर तांब्याची तार प्रसरण पावते आणि आतली बारीक चीर उघडते. थंड झाल्यावर ती पुन्हा मिटते आणि दोष लपून बसतो.

एवढे सगळे बरोबर निघाले आणि तरी ठिणगी नाही, तर आता सीडीआयवर बोट ठेवता येईल. त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा सीडीआय क्षणभर लावून पाहिला तर शंकेला जागाच राहत नाही.

डबी बदलताना

चावी बंद करून काढून घ्यावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे. डबी बहुतेक गाड्यांत सीटखाली, टाकीखाली किंवा बाजूच्या पॅनेलआड रबरी पट्ट्यात अडकवलेली असते. जोड काढण्यापूर्वी वायरींचे रंग आणि जागा कागदावर उतरवून ठेवाव्यात. रंगांचा संकेत प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. जोडाची कुलूपपट्टी दाबून प्लॅस्टिकचे कवच ओढावे, वायरी ओढू नयेत. पात्यांवर गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पुसावे. नवी डबी पुन्हा त्याच रबरी पट्ट्यातच बसवावी. तो पट्टा हादरे शोषतो. तारेने चेसिसला आवळून बांधलेली डबी फार दिवस टिकत नाही.

नवी डबी विकत घेताना जोड जुळतो एवढ्यावर समाधान मानू नये. सारख्याच दिसणाऱ्या जोडाची एक डबी ए.सी. प्रकारची, दुसरी डी.सी. प्रकारची असू शकते. ए.सी. असली तरी कोणत्या वेगाला किती अ‍ॅडव्हान्स द्यायचा याचे कोष्टक प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे असते. भलत्या गाडीची डबी लावली तर गाडी सुरू होईल, मालक खूश होईल आणि महिनाभराने इंजिन तापते म्हणून पुन्हा गॅरेजात येईल. म्हणून डबीवरचा भाग-क्रमांक पुस्तिकेशी पडताळून घ्यावा. ‘जास्त पळणारा’ म्हणून विकला जाणारा सीडीआय पुष्कळदा वेगमर्यादा काढून टाकलेला असतो. जुन्या इंजिनाला तो परवडत नाही.

जुनी डबी का गेली, हेही विचारले पाहिजे. उष्णता आणि हादरे ही नेहमीची कारणे. पण प्लग कॅप काढलेली ठेवून किका मारणे हेही एक कारण आहे. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आवरणातूनच वाट काढते. गाडीवर वेल्डिंग करताना सीडीआयचा जोड काढून ठेवला नाही तरी तो जळू शकतो. डी.सी. प्रकारात रेग्युलेटर बिघडून बॅटरीचे विभव १५ व्होल्टच्या वर जात असेल तर नवी डबीही त्याच वाटेने जाईल.

गाडी सुरू झाल्यावर काम संपले असे नाही. वेळ तपासायला हवी. मॅग्नेटच्या कडेवर ‘टी’ आणि ‘एफ’ अशा खुणा असतात. ‘टी’ वरच्या टोकाची, ‘एफ’ संथ वेगावरच्या ठिणगीची. टायमिंग लाइट या दिव्याचा चिमटा एच.टी. वायरीवर लावला की प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा लखकन चमकतो. मॅग्नेट दर वेळी त्याच जागी असतानाच त्यावर प्रकाश पडतो, म्हणून गरगर फिरणारे चाक आपल्याला जागच्या जागी थांबलेले दिसते. संथ वेगाला ‘एफ’ खूण झाकणावरच्या खाचेसमोर हवी. वेग वाढवला की ती सरकू लागते. अ‍ॅडव्हान्स वाढतो तो असा डोळ्यांनी दिसतो. खूण जुळत नसेल तर एक तर डबी चुकीची आहे, किंवा मॅग्नेट क्रँकवर धरून ठेवणारी लहान लोखंडी चावी तुटून मॅग्नेट सरकले आहे. ही तपासणी मोकळ्या हवेत करावी. बंद खोलीत इंजिन चालवले तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. चालू इंजिनाच्या एच.टी. वायरीला हात लावू नये आणि ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी जवळही थांबू नये.

वर्गात काय करता येईल?

सीडीआयच्या डबीवर वर्गात प्रयोग करू नयेत, त्यातले विभव धोकादायक असते. पण तीच कल्पना निर्धोकपणे दाखवता येते. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे एक धारित्र घ्या. धन-ऋण अग्रे नीट पाहून ते ९ व्होल्टच्या बॅटरीला क्षणभर जोडा. बॅटरी काढून घ्या. आता ४७० ओहमचा रोध आणि एक एलईडी एकसरीत जोडून त्यांना धारित्राची अग्रे लावा. एलईडी झगमगून हळूहळू विझेल. विद्यार्थ्यांना धारित्रातील ऊर्जा काढायला सांगा. उत्तर सुमारे ०.०४ ज्यूल येईल. वर आपण सीडीआयची काढली होती ०.०३१. म्हणजे मोटारसायकल पेटवणारी ऊर्जा आणि हा इवला दिवा अर्धा-एक सेकंद पेटवणारी ऊर्जा जवळपास सारखीच आहे. फरक वेळेचा आहे. रोध बदलून दिवा किती वेळ जळतो ते मोजायला लावले की ‘ऊर्जा’ आणि ‘शक्ती’ या शब्दांतला फरक पाठ करायची गरज उरत नाही.

वरच्या वर्गाला आणखी एक प्रश्न देता येईल. ए.सी. सीडीआयच्या गाडीत स्विचकडे जाणारी ती एक वायर मध्येच तुटली तर काय होईल, आणि तुटण्याऐवजी सांगाड्याला चिकटली तर काय होईल? दोन्हींची उत्तरे अगदी उलट आहेत. ज्याला ती कारणासहित सांगता येतील, त्याला गाडी रस्त्यात बंद पडली तर कुठून सुरुवात करायची हेही सांगता येईल.